यार्ड फुल आहे

ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर रेल्वे चालवायचा खेळ, खेळणारा माणूस रोज संध्याकाळी गाडी चालवत असेल, असा लोकांचा गोड गैरसमज असतो. मी गेल्या तीन आठवड्यांत गाडी फलाटावरून हलवली ती जेमतेम दोनदा. रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडतो आणि साडेअकरापर्यंत इकडच्या फायली तिकडे आणि तिकडच्या परत इकडे करत बसतो. रेल्वेत या कामाला शंटिंग म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. आमच्या घरात त्याला ‘हे बसले परत’ म्हणतात.

झालं काय, तर घाट बदलला.

घाट म्हणजे आपला कर्जत-लोणावळा. ओपन रेल्स नावाचा एक फुकट सिम्युलेटर आहे. त्यात चालवण्यासाठी हौशी मंडळींनी ठिकठिकाणचे रेल्वेमार्ग बनवून ठेवलेत. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा, सगळं जागच्या जागी. (कल्याणला राहून, रोज लोकलला लोंबकळून, सुट्टीच्या दिवशी परत रेल्वेच कशी सुचते, हा प्रश्न मला सासऱ्यांनी पहिल्या दिवाळसणाला विचारला होता. उत्तर अजून द्यायचंय.) तर या घाटाची नवी आवृत्ती आली. जुना घाट ५ जीबीचा होता. नवा डाउनलोड करायलाच १९ जीबी. डोंगर तेच, बोगदे तेच, चढही तोच, ३७ फुटांना एक फूट. मग वरचे १४ जीबी कशाचे, असं मी आमच्या रेल्वेवेड्यांच्या ग्रुपवर विचारलं. एका कॉलेजच्या पोराने लगेच सांगितलं, “काका, झाडं बघा. पान न् पान दिसतं.”

आता ताशी साठच्या वेगाने गाडी चालवताना पान न् पान कोण बघतं? पण एकदा माहीत झालं की जुनी झाडं डोळ्याला खुपायला लागतात. परवापर्यंत ज्या झाडीतून मी आनंदाने गाडी नेली, ती आता भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या जुड्या उभ्या केल्यासारखी दिसू लागली. घाट घ्यायचा ठरलं.

मी बँकेत आहे, वजाबाकी येते. सी ड्राइव्हमध्ये २१ जीबी रिकामे, घाट १९ जीबी, शिल्लक २. मुळात हा ड्राइव्ह खोक्यावर २५६ जीबी म्हणून विकला गेला आणि घरी आल्यावर २३८ निघाला. बनवणारे १००० चा हिशेब धरतात आणि विंडोज १०२४ ने मोजतं, असा त्याचा खुलासा. ग्राहकाच्या पासबुकात २५६ लिहून हातात २३८ ठेवले असते तर आमच्या मॅनेजरची बदली कुठे झाली असती, हे मी इथे लिहीत नाही.

रात्रभर डाउनलोड झालं. सकाळी चहाचा कप घेऊन मी इन्स्टॉलर चालू केला. हिरवी पट्टी जेमतेम ७ टक्क्यांवर गेली, थांबली, आणि जागा अपुरी असल्याची पाटी आली. तेव्हा कळलं की १९ जीबी हा नुसता गाठोड्याचा आकार. गाठोडं सोडलं की आतून २७ निघतात. ते सोडायचं तर गाठोडं तसंच राहतं, मोकळं केलेलं सामान शेजारी येतं आणि नवं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत शहाणा माणूस जुनं काढत नाही. म्हणजे १९ अधिक २७ अधिक जुने ५. घाट एक, पण सामावून घ्यायला जागा तीन घाटांची.

कोकण रेल्वेने गेलेल्यांना हे लगेच समजेल. मार्ग बहुतांशी एकेरी. समोरून गाडी येत असेल तर एकीने स्टेशनातल्या लूप लाइनीत शिरून उभं राहायचं, दुसरीने पुढे जायचं. लूप रिकामी नसेल तर दोन्ही गाड्या समोरासमोर कोकणचा निसर्ग बघत बसणार. माझा सी ड्राइव्ह म्हणजे सगळ्या लाइनी भरलेलं स्टेशन झालं होतं, आणि बाहेरच्या सिग्नलला घाट शिट्टी मारत उभा.

मग शोधमोहीम. कुठल्या फोल्डरने किती जागा अडवली आहे ते रंगीत चौकोनांत दाखवणारा एक प्रोग्राम मिळतो. तो चालवला. एक भलामोठा चौकोन लॅपटॉप झोपवण्यासाठी विंडोजने राखून ठेवलेल्या फायलीचा निघाला. ती बंद केली, ६ जीबी मोकळे. त्याच्या शेजारी त्याहून मोठा, जांभळा चौकोन होता. ११ जीबी. वर बोट ठेवलं तर नाव आलं: मंगळागौर.

“अगं, हे मंगळागौरीचे व्हिडिओ इतके मोठे कसे?”

“फोरकेमध्ये काढलेत ते. का?”

“नाही, म्हटलं, सगळे लागतातच का?”

बायकोने पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बारीक केला आणि मगच वळली. हे लक्षण चांगलं नसतं.

“अहो, त्यात माझी आत्या आहे, पंच्याहत्तराव्या वर्षी फुगडी घालतेय. तुमच्याकडे ती निळी इंजिनं किती आहेत?”

“कुठली?”

“ती एकसारखी. चार-चार दिसतात.”

ती एकसारखी नाहीत. ते डब्ल्यूएपी-४ जातीचं विजेचं इंजिन आहे, आणि एक इरोड शेडचं (शेड म्हणजे इंजिनाचं माहेर), एक अरक्कोणमचं, एक वडोदऱ्याचं, एक भुसावळचं. प्रत्येकाची रंगसंगती वेगळी, कपाळावरचा पट्टा वेगळा. हे मी समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. “म्हणजे इंजिन एकच, साड्या चार,” ती म्हणाली, “आणि माझ्या कपाटाबद्दल तुम्ही काय बोलता ते आठवतंय ना?” मंगळागौर राहिली.

पण मुद्दा तिने बरोबर पकडला होता. या जुन्या पठडीच्या सिम्युलेटरांची गोमच ती आहे. प्रत्येक इंजिनाचं, प्रत्येक डब्याचं स्वतंत्र फोल्डर. त्यात त्याचा सांगाडा, त्याची चित्रं, आणि बहुतेक वेळा त्याचे आवाजही. रंग बदलला की सगळा संसार नव्याने. ही पद्धत मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या ट्रेन सिम्युलेटरची. तो दोन सीडींवर मावत असे, म्हणजे दीड जीबीच्या आत सहा मार्ग, त्यात जपानचे दोन आणि आल्प्समधला एक. ओपन रेल्स अजून तीच फोल्डरं वाचतो, त्यामुळे वीस वर्षांत लोकांनी बनवलेलं सगळं त्यात चालतं. आणि चालतं म्हणून मी सगळं ठेवलं. माझं गाड्यांचं फोल्डर ३४ जीबीचं झालं होतं.

त्यातून कमी करायला बसलो. कधीच न चालवलेल्या मालगाड्या गेल्या. बंगालच्या लोकल गेल्या. मग डोळ्यांवर झोप आली, आणि ज्यांची नावं आठवत नव्हती अशी आठ-दहा फोल्डरंही उडवली. दुसऱ्या दिवशी, नुसतं बघायला म्हणून, डेक्कन क्वीन फलाटावर लावली. गाडी उभी होती. पण काहीतरी खटकत होतं. चेहरा ओळखीचा आणि दात काढलेले, तसं. डबे मोजले तर कमी. आणि डायनिंग कार गायब!

ओपन रेल्स अशा वेळी आरडाओरडा करत नाही. यादीत लिहिलेला डबा सापडला नाही तर तो वगळतो, उरलेले एकमेकांना जोडतो आणि डेस्कटॉपवरच्या लॉग फायलीत एक ओळ टाकतो, हा डबा सापडला नाही, वगळला. माझ्या लॉगमध्ये अशा चार ओळी होत्या. १ जून १९३० पासून धावणारी गाडी, जिच्या डायनिंग कारमधल्या ऑम्लेटसाठी लोक दुसऱ्या गाड्या सोडतात, ती मी झोपेच्या भरात उपाशी पाठवली होती. मी इतका हळहळलो की बायकोने घरात कुणी गेलं का म्हणून विचारलं.

डायनिंग कार कुठे सापडली? जुन्या संगणकाची ५०० जीबीची हार्ड डिस्क मी डबीत घालून बाहेरून जोडतो. तिच्यात. एकदा नव्हे, तीनदा. ‘बॅकअप’ या फोल्डरात एक, ‘बॅकअप जुना’ मध्ये एक आणि ‘नवीन बॅकअप जुना’ मध्ये एक. या शेवटच्या फोल्डराच्या आत ‘बॅकअप’ नावाचं आणखी एक फोल्डर होतं. ते मी उघडलं नाही. काही दारं लावलेलीच बरी.

डायनिंग कार परत आणली, तीनातले दोन बॅकअप काढले, आणि बाहेरच्या डिस्कवर चांगली ८० जीबी जागा झाली. आता गाड्या तिकडे हलवाव्यात, तर सिम्युलेटर त्या जुन्याच पत्त्यावर शोधणार. हे रडगाणं ग्रुपवर गायलो. तोच झाडांची पानं दाखवणारा पोरगा म्हणाला, “काका, जंक्शन करा.”

मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही, विंडोजमध्ये खरंच त्याला जंक्शन म्हणतात. फोल्डर दुसऱ्या डिस्कवर न्यायचं, जुन्या जागी त्याच नावाचं एक जंक्शन सोडायचं. सिम्युलेटर जुन्या पत्त्यावर येतो आणि त्याला कळायच्या आत दुसऱ्या लाइनीवर वळवला जातो. रुळांचा सांधा मारून गाडी वळवावी तसं. काळ्या खिडकीत एक हुकूम लिहायचा, एमकेलिंक, मग तिरकी रेघ, मग जे. जंक्शनमधला जे. चाळीस वर्षं रेल्वेवर प्रेम केल्याचं सार्थक झालं असं वाटून मी तो हुकूम दोनदा वाचला आणि एंटर दाबलं.

३४ जीबी निघून गेले. लाल पट्टी निळी झाली. घाट उघडला, २७ जीबी पसरले, आणि रात्री दहा वाजता मी कर्जतहून गाडी काढली. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना इथे घाटासाठी मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. (“एक बँकर घरात आहे,” बायको म्हणते, “तो मागून काहीच ढकलत नाही.”) ठाकूरवाडी गेली. झाडांची पानं खरोखर दिसत होती, खोटं का बोला. मंकी हिलच्या अलीकडे भोंगा वाजवला, आणि भोंगा अर्ध्यातच तुटला. गाडी थिजली. खिडकी मिटली.

मागे आई उभी होती, हातात फोन आणि एक सुटी केबल घेऊन. “अरे, चार्जिंगला लावते. ही डबी नुसतीच लुकलुकत होती.”

आता त्या केबलला लाल चिकटपट्टी आहे, आणि आईच्या फोनसाठी वेगळा चार्जर.

नवा घाट आतून बघायची इच्छा मला शेवटी आवरली नाही. २७ जीबी म्हणजे आहे तरी काय? चित्रांचं फोल्डर उघडलं तर आत आणखी फोल्डरं, ऋतूंप्रमाणे. स्प्रिंग, ऑटम, विंटर आणि स्नो. विंटरस्नो वेगळं, ऑटमस्नो वेगळं, स्प्रिंगस्नो वेगळं. मूळ गेम परदेशातला, त्यामुळे घराची ही रचना ठरलेली. पावसाळ्याला खोली नाही, बर्फाला चार. आणि आमच्या हौशी मित्राने प्रामाणिकपणे सगळ्या खोल्या भरल्या होत्या. पळसदरीच्या तलावाकाठची झाडं, बर्फात. खंडाळ्याची कौलं, बर्फात. पान न् पान. एकूण ३ जीबी बर्फ.

मी तो निवडला आणि डिलीट दाबलं. कायमचा नव्हे, रिसायकल बिनमध्ये. बँकेत कागद फाडत नाहीत, आधी बाजूला ठेवतात.

रविवारी लेक शेजारी येऊन बसली. वय वर्षं नऊ. सुरुवातीच्या पडद्यावर वेळ, ऋतू, हवामान निवडता येतं. तिने ऋतू निवडला हिवाळा आणि हवामान निवडलं बर्फ.

“बाबा, लोणावळ्याला बर्फ पडेल?”

“नाही गं. लोणावळ्याला पाऊस पडतो.”

“इथे लिहिलंय की.”

“तो काढून टाकलाय मी.”

“कुठे?”

मी डेस्कटॉपच्या कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवलं. तिने टोपली उघडली, आत डोकावली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाची तरी मांजर तिथे टाकली होती.

परत आणायला बारा मिनिटं लागली. मग आम्ही दोघांनी कर्जतहून डेक्कन क्वीन काढली, डायनिंग कारसकट, मागे बँकर लावून. पळसदरीच्या पुढे सगळं पांढरं होतं. “बाबा, हळू घे,” लेक म्हणाली, “रूळ निसरडे असतील.”