पायाला लागलेलं गार पाणी झऱ्याचं नसतं

उन्हाळा आला की फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, की गंगापूर धरणात पोहताना पायाला अचानक गार लागलं तर खाली जिवंत झरा आहे आणि तो माणसाला ओढतो, खोल पाणी दाबामुळे थंड होतं, आणि मासे मरून वर आले म्हणजे कोणीतरी विष टाकलंय. धरणात उतरू नका हे एकदम बरोबर, त्यावर वादच नाही. पण कारणं चुकीची आहेत आणि पोरं तीच धरून बसतात, म्हणून लिहितोय.

आधी झरा. माझ्या मामांचं दिंडोरीकडे द्राक्षबागेला शेततळं आहे, तळापासून काठापर्यंत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, खालून एक थेंब यायचा प्रश्न नाही. मे महिन्यात भर दुपारी आम्ही बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी, बाटली तळाला टेकल्यावर बूच ओढलं आणि भरल्यावर वर घेतली. वरचं पाणी चक्क कोमट आणि बाटली माठातल्या पाण्यासारखी गार! आता इथे झरा कुठून आला सांगा.

होतं असं की उन्हातली बरीचशी उष्णता वरच्या एक-दोन मीटरमध्येच संपते, तापलेलं पाणी फुगून हलकं होतं आणि वरच राहतं. ३० अंशांचं लिटरभर पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा साधारण २.५ ग्रॅमनी हलकं, ऐकायला किरकोळ वाटतं पण तेवढ्यावर वाऱ्याची ताकद कमी पडते, तो फक्त वरचा थर घुसळत बसतो. त्याचा जोर जिथे संपतो तिथे थोड्याच अंतरात तापमान धाडकन उतरतं, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात, पायाला लागतो तो हाच. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत पण हेच चालतं, म्हणून तर गरम पाणी वरून काढतात आणि गार खालून सोडतात. मोठ्या जलाशयात तळाचं पाणी बरंचसं हिवाळ्यातलं असतं, निफाडला पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो त्या दिवसांत गार होऊन खाली बसलेलं. झऱ्याचं पाणी उलट वर्षभर जवळपास सारखंच असतं, म्हणून थंडीत पहाटे विहिरीच्या पाण्यातून वाफा निघतात.

दाबाचं तर साफ उलटं आहे, दाबानं पाणी झालंच तर किंचित गरम होतं. अरबी समुद्रात मे महिन्यात वर ३० अंशांच्या आसपास आणि २-३ किलोमीटर खाली ४ अंशांपेक्षा कमी, कारण ते पाणी अंटार्क्टिकाकडे गार होऊन बुडालेलं आणि तळानं सरकत इथवर आलेलं आहे.

आता मासे, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण यावरून गावात भांडणं होतात. विष कधीच नसतं असं म्हणत नाही. पण थर पडले की वरची हवा तळाला पोचत नाही, तिथे कुजणारा पाला न् गाळ उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतो, सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू साचतो. मग पहिला वादळी पाऊस येतो, वरचं पाणी एकदम गार होतं, थर मोडतात आणि ते खालचं खराब पाणी वर मिसळतं. पहाटे मासे काठाला तोंड वर काढून धापा टाकताना दिसले की समजायचं ऑक्सिजन संपलाय. मामांनी त्या शेततळ्यात मासे सोडलेत, आभाळ भरून आलं की ते झोपायच्या आधी जाऊन एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, चालू करून येतात.