ग्रामपंचायतीच्या ठरावाने जंगल नावावर होत नाही

गेले काही आठवडे बेळगावच्या खानापूर तालुक्यात आणि आता हल्याळ-जोयड्याकडेही एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘७३ व्या घटनादुरुस्तीने जंगल ग्रामपंचायतीचं झालं. पंचायतीने ठराव केला की फॉरेस्टची परवानगी लागत नाही. ठराव हातात घ्या, रान साफ करा, काजू लावा, पुढे अक्रम-सक्रममध्ये (बेकायदा ताबा कायदेशीर करून देण्याच्या योजनेत) बसतं. २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे सीमेपासून १०० किलोमीटरपर्यंत वन कायदा लागत नाही, आणि आपण तर सीमाभागातच राहतो. मालकीतली झाडं तोडायला पीडीओचा (पंचायत विकास अधिकाऱ्याचा) दाखला पुरे. गाव भीमगड अभयारण्यातून काढायचं तर तेही ठरावाने होतं. मेंढा-लेखाने करून दाखवलं, आपण कधी?’ खाली ठरावाचा तयार मसुदा मिळेल म्हणून एक फोन नंबर.

माझ्यापर्यंत तो आला मामांकडून. जांबोटी भागात त्यांचं शेत, वरच्या अंगाला लागूनच रान. ‘हे खरं का रे?’ असं त्यांनी विचारलंच नाही. जेसीबी कुणाचा बरा, एवढंच विचारलं. म्हणून हे लिहायला बसलो, आणि शब्द थोडे तिखट पडले तर पडू देत.

आधी ते १०० किलोमीटर, कारण सगळ्यात जास्त लोक त्यालाच भुललेत. १९८० च्या वन संवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, हे खरं. तीत १०० किलोमीटरची सवलत आहे, हेही खरं. पण ती आंतरराष्ट्रीय सीमेची, प्रत्यक्ष ताबारेषेची आणि नियंत्रणरेषेची. तीसुद्धा देशाच्या सुरक्षेसाठी लागणाऱ्या रस्त्यांसारख्या, लांब पट्ट्यात जाणाऱ्या मोक्याच्या प्रकल्पांपुरती. लडाख, अरुणाचल, सिक्कीम डोळ्यांपुढे आणा. कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीचा त्यात कुठेही संबंध नाही, आणि काजूच्या बागेचा तर नाहीच नाही. सीमाप्रश्नात आमच्या तीन पिढ्या गेल्या. ‘सीमाभाग’ म्हटलं की आमचा माणूस कान टवकारतो, हे ज्याने हा मेसेज रचला त्याला नेमकं ठाऊक आहे. लोकांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीला हात घालून त्यांना खटल्यात लोटायचं, याचा मला मनापासून राग येतो.

आता मुख्य मुद्दा: ठराव करा, रान साफ करा, मग ते आपलं.

मामांकडे शेजारच्या गावच्या ठरावाची झेरॉक्स होती. पुरावा म्हणून जपून ठेवलेली, घडीवर घडी घालून मऊ झालेली. टाईप केलेला कानडी मजकूर, पंचायतीचा गोल शिक्का, पीडीओची सही, सर्व्हे नंबर. मी ओळ न ओळ वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं एवढंच, की सदर जमीन गावकऱ्यांना मिळावी अशी सभेची मागणी असून पुढील कारवाईसाठी ती वनखात्याकडे पाठवण्यात येत आहे. म्हणजे तो अर्ज होता, मंजुरी नव्हती. त्याच सर्व्हे नंबरचा उतारा काढला तर मालकाच्या रकान्यात अरण्य इलाखे, म्हणजे वनखातं. गावात तो कागद निदान डझनभर लोकांनी हाताळला असेल, पण वाचला कुणी नाही, कारण वाचता येत नाही. पंचायतीचे कागद कानडीत, फॉरेस्टची नोटीस कानडीत, आणि मेसेज तेवढा स्वच्छ मराठीत. लोक मेसेजवर विश्वास ठेवतात यात त्यांचा दोष मी फार धरत नाही. मराठीत कागद द्या म्हणून आम्ही ओरडतो ते हौसेखातर नव्हे, हे यावरून तरी कळावं.

कायदा काय म्हणतो? १९८० च्या कायद्याचं कलम २ सरळ आहे: केंद्र सरकारच्या आगाऊ मंजुरीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला लावता येत नाही. हे बंधन राज्य सरकारवरही आहे. मग पंचायत कुठून आली मध्ये? ‘आमचा सर्व्हे नंबर राखीव जंगलात नाही, नुसतं रान आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी १२ डिसेंबर १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आहे. जे शब्दकोशाच्या अर्थाने जंगल आहे ते जंगल, मालकी कुणाचीही असो. आणि सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंद आहे तेही जंगल. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ही व्याख्या गेली असं बरेच जण सांगतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश देऊन १९९६ चीच व्याख्या चालू ठेवायला सांगितलं. आणि कायदा राज्यालाही कसा बांधतो हे पाहायला लांब जायला नको. म्हादईचं पाणी वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या अहवालाला केंद्रीय जल आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली, तरी वन आणि वन्यजीव मंजुरीसाठी कर्नाटक सरकारला दिल्लीच्या खेपा घालाव्याच लागल्या. अख्ख्या सरकारला जे ठरावाने जमलं नाही, ते आमच्या पंचायतीला जमेल?

अक्रम-सक्रमचं म्हणाल तर बगर हुकूम, म्हणजे परवानगीशिवाय कसलेली, जमीन सक्रम करण्याची सोय महसुली सरकारी जमिनीसाठी आहे, वनजमिनीसाठी नाही. त्यासाठीचा फॉर्म ५७ भरून पावती मिळाली म्हणजे जमीन मिळाली असं समजून बसलेले लोक मी पाहिलेत. गायरानाचीही तीच गत. जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टाने गावाच्या सामाईक जमिनीवरची बेकायदा अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. किती वर्षं बसलाय आणि किती पैसे घालून घर बांधलंय, ही सबब चालणार नाही असंही बजावलं आहे.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र वेगळंच आहे. ज्यांचा जंगलावर खरा हक्क आहे, तेच या मेसेजने बुडतील. वनहक्क कायदा २००६ चा, त्यातली तारीख १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी जमीन तुमच्या कसण्यात असली पाहिजे आणि आजही असली पाहिजे. अनुसूचित जमातीचा माणूस असेल तर तेवढं पुरतं. आमच्याकडच्या सिद्दींना बेळगाव-धारवाड जिल्ह्यांत तो दर्जा २०२० मध्ये मिळाला. धनगर-गवळी, मराठा आणि इतरांना मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहून त्यावर पोट भरत असल्याचं दाखवावं लागतं. थेट १९३० पर्यंत मागे जावं लागतं. हे अवघड आहे, पण अशक्य नाही. जुने महसुली कागद, पडक्या घरांची जोती, विहिरी, देवस्थानं, स्मशानं, गावातल्या वयस्कर माणसांचे लेखी जबाब, हे सगळं नियमात पुरावा म्हणून धरलेलं आहे. ज्याच्याकडे आज असा २ एकरांचा जुना तुकडा आहे, त्याने मेसेज वाचून शेजारचं ३ एकर रान जेसीबीने उपटलं तर काय होईल? नवा तुकडा कायद्यात कधीच बसणार नाही, त्यावर कर्नाटक वन कायद्याखाली गुन्हा नोंदेल, आणि जुन्या तुकड्याचा दावा तपासायला येणारा अधिकारी सगळंच नवं अतिक्रमण म्हणून लिहून मोकळा होईल. आजोबा-पणजोबांच्या कष्टाचा पुरावा आपल्याच हाताने पुसायचा हा प्रकार. उलट दावा दाखल असेल तर पडताळणी पुरी होईपर्यंत जागेवरून हटवता येत नाही, असं कलम ४(५) सांगतं. ही खरी ढाल आहे. मेसेजमध्ये तिचा उल्लेखसुद्धा नाही.

यात एक गोष्ट मान्य करावी लागते, जिवावर येत असली तरी. गावाच्या ठरावाला वनजमिनीच्या बाबतीत काहीच किंमत नाही, असं नाही. वनहक्काचा दावा सुरूच होतो ग्रामसभेपासून. पण ती ग्रामसभा म्हणजे गावातल्या प्रौढ माणसांची सभा, निम्मी हजेरी आणि त्यात बायकांची ठरलेली संख्या धरून. पंचायतीच्या सभागृहात मूठभर सदस्यांनी केलेला ठराव तिथे चालत नाही. आणि त्याच कायद्याचं कलम ३(२) आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची लाईन, वीज, छोटे तलाव, रस्ता अशा १३ सोयींसाठी, प्रत्येकी १ हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर जिल्हा पातळीवरच वनखात्याची मंजुरी मिळू शकते, दिल्लीला जावं लागत नाही. फक्त हे कलम १९८० चा कायदा बाजूला ठेवतं, वन्यजीव कायदा नाही. म्हणून अभयारण्याच्या आतल्या गावांना आणखी एक पायरी चढावी लागते.

पावसाळ्यात आजारी माणसाला तिरडीसारखं बांधून खांद्यावरून आणावं लागतं अशी गावं आमच्या तालुक्यात अजून आहेत. त्यांच्यासाठी ठराव करायचा तर हा करा. आणि वनखात्याने हे कलम मराठीत छापून गावोगाव लावलं असतं, तर या मेसेजला एवढी जागा मिळालीच नसती. तो दोष त्यांचाच.

मेंढा-लेखाबद्दल जे सांगितलंय ते ऐकून तिथल्या लोकांना वाईट वाटेल. गडचिरोलीतल्या त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टरवर. तो पंचायतीच्या ठरावाने नाही, वनहक्क कायद्याखाली रीतसर दावा करून. त्यांनी जंगल साफ केलं नाही. राखलं, आणि त्यातला बांबू स्वतः विकला. शिवाय गडचिरोलीत पेसा, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे. तो ज्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात लागतो, ते क्षेत्रच कर्नाटकात नाही. सामूहिक हक्काचा दावा मात्र आपणही करू शकतो, आणि त्यासाठी मेंढ्याचं नाव जरूर घ्या.

बाकीचे मुद्दे पटकन. ७३ व्या दुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींकडे द्यायच्या विषयांच्या यादीत, सामाजिक वनीकरण, शेतवनीकरण आणि गौण वनोपज आहे, अख्खं जंगल नाही. जंगल हा विषय १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत गेला, तो तिथेच आहे. अभयारण्याची हद्द राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय हलत नाही. मालकीतल्या झाडांना १९७६ चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा लागतो. नीलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, नारळ अशा काही झाडांना सूट आहे. ऐन, किंजळ, जांभूळ पाडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी, पीडीओला तो अधिकार नाही. लाकूड गाडीत भरून व्यापारी निघून जातो. पंचनाम्यात नाव येतं ते सात-बाऱ्यावरच्या, म्हणजे आपल्याकडच्या पहाणीवरच्या माणसाचं.

राहिला तो फोन नंबर. ठरावाच्या मसुद्यासाठी कुणालाही एक पैसा देऊ नका. आपल्या पंचायतीने जंगलाबद्दल आधी काय ठराव केलेत, तुमचा वनहक्क दावा कुठे अडकलाय, का फेटाळला, हे माहिती अधिकारात मिळतं. अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये. पंचायतीसाठी अर्ज पीडीओच्या नावे, दाव्यासाठी तालुक्याच्या समाजकल्याण कार्यालयात. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून दोन गोष्टी विचारायच्या असतील तर दोन वेगळे अर्ज करा.