हिवाळ्यात श्वास कसा घ्यावा?

मुंबईकरहो, हवा तपासायचीच असेल तर जुलैत तपासा. पाऊस कण धुऊन काढतो, उरलंसुरलं नैऋत्येचं वारं पळवतं. ॲपवर हवेचा आकडा हिरवा दिसला की स्क्रीनशॉट काढून दिल्लीच्या मेव्हण्याला पाठवा.

दिवाळीनंतर ॲप उडवून टाका. थंडीत डोक्यावर उबदार हवेचं झाकण बसतं, समुद्राकडचं वारं मंदावतं आणि शहर जे ओकतं ते तिथल्या तिथे तरंगत राहतं. स्टेटसला लिहा, 'महाबळेश्वर फील'!

सोसायटीतला पाला गेटपाशीच पेटवा. डास जातात म्हणे.

आकड्यांनी घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटना पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सांगते, आपली ४०. भारतीय फुप्फुसं आठपट दणकट.

धुळीचा त्रास होतोय? आमच्या शेजारी पुनर्विकास चाललाय. जुनी इमारत पाडताना पाणी मारा, असं परवा सुपरवायझरला सांगायला गेलो. तो म्हणाला, "काका, खिडक्या लावून एसीत बसा ना." घ्या, सल्ला फुकट! २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेची नियमावली आली. ७० मीटरहून उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे, हिरवं कापड, फवारे, डंपरवर ताडपत्री, बाहेर पडताना चाकं धुणं. यातलं हिरवं कापड आमच्या इथे आहे. म्हणजे त्याच्या चिंध्या आहेत. फवारा फोटोपुरता उडतो, आणि डंपर निघाला की अख्ख्या गल्लीला पावडर लागते. वर 'धूळ काय, नाकातच अडकते' म्हणणारे शहाणे आहेतच. जाड धूळ अडकते हो! डंपरचा आणि जनरेटरचा डिझेलचा धूर, बेकरीच्या लाकडाचा, कचऱ्याच्या आगीचा धूर नाही अडकत. केसाच्या विसाव्या भागाहून बारीक कण तो, सरळ फुप्फुसाच्या तळाला जातो, तिथून रक्तात.

बिल्डरहो, कोटींत फ्लॅट विकता आणि पाण्याच्या टँकरचे पैसे निघत नाहीत? गल्लीतली पोरं महिनोन्महिने खोकतायत, त्यांनीही एसीत बसायचं का? आणि सभासदहो, तुम्ही काय मोठे साधू? आपली इमारत पाडायची वेळ आली की जादा चटईक्षेत्र किती, बिल्डरकडून कॉर्पसची ठोक रक्कम किती, भाडं किती, सगळं खणून खणून विचारता. पाणी कोण मारणार, चाकं कुठे धुणार, जनरेटर कुणाच्या खिडकीखाली ठेवणार, हे एकाच्याही तोंडून निघत नाही. करारात लिहून घ्या ना ते! सही करायच्या आधी.