क्रूझ पॉवर आणि उद्यमनगरचे मामा

टेकऑफ अवघड, लँडिंग त्याहून अवघड, हे सगळे सांगतात, पण मधे सरळ उडताना काय हाल होतात ते कुणी सांगत नाही. घरच्यांना वाटतं वर गेलं की पोरगं खिडकीतून पंचगंगा बघत बसत असेल. कसली पंचगंगा!

मे महिना, विमान शिकायचे दिवस, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून निघालो, सेसना १७२ हे छोटं विमान, शेजारी शिकवणारे सर. ४५०० फुटांवर सरळ झालो की क्रूझ पॉवर, म्हणजे सरळ उडताना इंजिनाला लागेल तेवढी ताकद, लावायची. किती आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) किती टक्के पॉवर आणि किती पेट्रोल जाणार हे पुस्तकातल्या तक्त्यात बघायचं. तक्त्यात ओळी ४००० आणि ६००० च्या, म्हणजे मधला हिशोब आपणच करायचा. आता तापमान. त्या उंचीला पुस्तकानं धरलेलं स्टँडर्ड तापमान ६ डिग्री (हे स्टँडर्ड कुठल्या गावचं कोण जाणे), बाहेर ३०, म्हणजे २४ नी जास्त, आणि तक्त्यातला शेवटचा रकाना २० जास्तचा. थोडक्यात मे महिन्यातलं कोल्हापूर पुस्तकात बसतच नाही.

बरं, काढला एकदाचा आकडा, २४०० लावले. पण या विमानाच्या पंख्याच्या पात्यांचा कोन फिक्स, त्यामुळं स्पीड वाढेल तसे आरपीएम आपोआप चढतात, २४०० चे २४५० होतात, मग थ्रॉटल (विमानाचा ॲक्सिलरेटर) जरा मागं घ्यायचा, की नाक खाली, की सर ओरडणार "हाईट!", मग नाक वर, नाक आहे तिथं धरून ठेवणारं ट्रिमचं चाक फिरवा, तोवर स्पीड पडला आणि आरपीएम २३६०. परत पहिल्यापासून.

मग लाल नॉब, मिक्श्चर, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते. वर हवा विरळ, पेट्रोल मात्र खालच्या हिशोबानं येत राहतं, कमी नाही केलं तर फुकट जळतं आणि प्लग काळे होतात. म्हणून पॉवर ७५ टक्क्यांच्या खाली आली की नॉब हळूहळू मागं फिरवायचा, इंजिन खडखडायला लागलं की थोडा परत आत. ते खडखडणं ऐकताना खाली फक्त उसाचे फड दिसत असतात आणि पोटात गोळा येतो तो वेगळाच.

हे सगळं मी मामांना सांगितलं होतं, त्यांचं उद्यमनगरात इंजिन बोअरिंगचं दुकान. मामा चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, "आमी बुलेटचा कार्बोरेटर असाच लावतोय की लेका, कान देऊन. त्यासाठनं एवढी फी भरलीस व्हय?" यावर बोलणार काय? मिक्श्चरपुरतं त्यांचं खरंच आहे. फक्त बुलेटच्या मागच्या सीटवर "हाईट!" म्हणणारं कुणी नसतं.

शेवटी त्या दिवशी सगळं जुळलं. आरपीएमची सुई हलेना, उंची हलेना, इंजिन एका सुरात, खाली कराडचा संगम. सरांनी पण समाधानानं मान डोलावली आणि म्हणाले, "उन्हानं खाली फार धक्के बसायला लागलेत, चल, ६५०० ला जाऊ."