सहा पायांची फेरी

आमच्या दारापासून कोपऱ्यावरच्या बाकापर्यंतचे अंतर १२५ मीटर आहे. हे मी अंदाजाने नव्हे, मोजून सांगतो आहे. गेला महिनाभर रोज संध्याकाळी ८४ वर्षांचे वडील आणि १३ महिन्यांची नात यांना एकाच वेळी सोबत घेऊन मी हे अंतर कापतो, आणि तेवढ्या वेळात मोजत बसण्याखेरीज करण्यासारखे दुसरे काही नसते. एकट्याला मला ते दीड मिनिटाचे आहे. तिघांना मिळून पंचवीस मिनिटे लागतात. परतीची पंचवीस वेगळी.

ही जबाबदारी माझ्याकडे आली ती मुलीच्या एका वाक्यामुळे. "बाबा, तुम्ही नाहीतरी चालायला जाताच, मग दोघांनाही घेऊन जा ना." त्या 'नाहीतरी'पुढे कोणाचे काय चालणार? नातीला मोकळे सोडायचे, नानांना सोडायचे नाही, आणि कोणी दमलेच तर असावी म्हणून रिकामी बाबागाडी ढकलत न्यायची, अशी व्यवस्था ठरली. मी ५७ वर्षांचा आहे, आणि या तिघांत ज्याला खऱ्या अर्थाने चालता येते असा मी एकटाच, अशी माझी ठाम समजूत होती.

नातीच्या चालण्यापायी माझी अब्रू तिच्या जन्मापासूनच पणाला लागलेली आहे. ती आठवड्याची असताना मी तिला काखेत धरून गादीवर उभे केले, तर तिने एकामागून एक चांगली पाच-सहा पावले टाकली. पाय उचलणे, गुडघ्यात दुमडणे, पुढे टेकवणे, सगळे अगदी रीतसर. मी त्याच दिवशी समस्त नातेवाइकांना फोन केले. दोन महिन्यांनी ती मंडळी प्रत्यक्ष पाहायला आली, तेव्हा तिने दोन्ही पाय लोडासारखे लोंबते सोडले आणि माझी-तिची ओळख नसल्याचा चेहरा केला. नवजात बाळाची ती पावले ही उपजत प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि दोनेक महिन्यांत ती दिसेनाशी होते, हे मला पुढे कळले. मेंदूची वाढ होऊ लागली की ती क्रिया दबून जाते, असे पूर्वी समजले जाई. पण १९८४ साली एस्थर थेलेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावले टाकायची थांबलेली बाळे पाण्यात उभी धरली, आणि बाळे पुन्हा पावले टाकू लागली. म्हणजे विसर वगैरे काही पडलेला नव्हता. मांड्यांवर चरबी भराभर चढली होती आणि तो भार उचलण्याइतके बळ स्नायूंत अजून आलेले नव्हते. वजन वाढले की चालणे बंद पडते, हा सिद्धांत मला पटवण्यासाठी कोणालाही पाण्यात बुडवण्याची गरज नव्हती.

त्यानंतर ती रांगलीच नाही. बसल्या जागेवरून ढुंगणावर सरकत ती सगळे घर हिंडे, आणि प्रत्येक पाहुणा तिच्याकडे बघून चिंतेने मान हलवी. कोणाचा नातू नवव्या महिन्यात चालला होता, तर कोणाची भाची दीड वर्षाची होईपर्यंत उभी राहिली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील मुलांचा अभ्यास करून २००६ साली जे निष्कर्ष छापले, त्यांत आधाराशिवाय चालू लागण्याचे वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कोठेही असू शकते असे म्हटले आहे, आणि हातगुडघ्यांवर न रांगताच चालू लागलेली मुलेही त्यात शंभरात चारेक आहेत. हे आकडे मी वहीत उतरवून ठेवले होते. ते कोणीही ऐकून घेतले नाहीत.

आता ती चालते. पावले फाकलेली, तळवा सपाट आपटलेला, आणि कोणी पिस्तूल रोखावे तसे दोन्ही हात वर. आखूड पायांचा लोलक भरभर हलतो, त्यामुळे या वयाची मुले मिनिटाला १७५च्या आसपास पावले टाकतात. मोठ्या माणसाची ११०-११५ होतात. एवढ्या लगबगीने ती पुढे जात असेल असा समज होईल, पण ही पावले डावीकडे, मागे, गोल आणि गटाराच्या झाकणाकडे अशी वाटली जातात. कॅरन अडॉल्फ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचे मोकळ्या खेळातले चालणे मोजले, तेव्हा ताशी सरासरी २,३६८ पावले आणि १७ वेळा पडणे, असा हिशेब निघाला. आमच्या पंचवीस मिनिटांच्या वाट्याला सात पडणी येतात आणि नात हा कोटा सहसा चुकवत नाही. पडण्याची तिला लाज नाही, खंत नाही. जमीन जवळ आलीच आहे तर तिची पाहणी करून घ्यावी, अशा विचाराने ती तिथेच बसून मुंगी शोधते, मुंगी सापडली की ती मला दाखवते, आणि मग दोन्ही हात टेकून, ढुंगण आकाशाकडे करून उठते.

नानांची तऱ्हा वेगळी. त्यांची पावले आखूड झाली आहेत आणि चालताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ वाढला आहे. चालणे म्हणजे तोल जाऊ देणे आणि वेळेवर सावरणे; वय वाढले की माणूस त्यातले जाऊ देणे कमी करतो. त्यांचा वेग सेकंदाला ०.८ मीटर भरतो. वाटेत एक रस्ता ओलांडावा लागतो. पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याची वेळ बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर या वेगाच्या हिशेबाने ठरवतात. १२ मीटरांचा रस्ता म्हणजे दिव्याच्या मते दहा सेकंदांचे काम आणि नानांच्या मते पंधरा. उरलेली पाच सेकंदे मी कडेवर नात, कोपराने ढकललेली बाबागाडी आणि वाहनांसमोर पसरलेला पंजा अशा अवस्थेत रस्त्याच्या मधोमध काढतो. नाना मात्र दिव्याकडे बघतही नाहीत. दिवा त्यांच्यापेक्षा वयाने लहान आहे.

खरी पंचाईत वेगाची नाही, बोलण्याची आहे. 'चालताबोलता असेपर्यंत' असे आपण सहज म्हणून जातो, पण ही दोन कामे एकत्र करणे हीच एक परीक्षा आहे. कोणी बोलू लागले की चालता चालता थांबणारी वृद्ध माणसे पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचा संभव अधिक असतो, असे स्वीडनमधील एका पाहणीत दिसले होते. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. पाऊल टाकण्याकडेच लक्ष द्यावे लागत असेल, तर संभाषणाला लक्ष उरत नाही, हे त्यामागचे साधे कारण. नाना मुद्दा महत्त्वाचा असला की थांबतात, आणि बिनमहत्त्वाचा मुद्दा त्यांनी आयुष्यात कधी मांडलेला नाही. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे, अशी एक चाचणी असते. तिला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका धरतात. नानांना चौदा लागले, कारण वळणावर थांबून त्यांनी फिजिओथेरपिस्ट ताईंना त्यांच्या खुर्चीचा मागचा पाय हलतो हे समजावून सांगितले. मी एकदा युक्ती म्हणून वाटेत एक शब्दही बोलायचा नाही असे ठरवले. नाना थोडे अंतर गेले आणि थांबले. "रुसलास का?" त्यांनी विचारले, आणि उत्तर मिळेपर्यंत ते हलले नाहीत.

काठीवरूनही आमचा जुना वाद आहे. त्यांचा उजवा गुडघा दुखतो आणि काठीही ते उजव्याच हातात धरतात. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरली की तो पाय टेकताना शरीराचा भार दोहोंत वाटला जातो आणि हातपायांची नेहमीची आलटूनपालटून हालचालही टिकते, हे मी त्यांना आकृती काढून दाखवले होते. त्यांनी आकृती नीट पाहिली. "काठी कुत्र्यासाठी आहे," ते म्हणाले, "गुडघ्यासाठी नाही."

या दोघांमध्ये माझे हाल कोणी विचारत नाही. प्रत्येकाच्या सोयीच्या वेगालाच चालणे सर्वांत स्वस्त पडते. त्याहून हळू चालले तर त्याच अंतराला शक्ती अधिक खर्च होते. म्हणजे मी दमतो हे ढोंग नसून ऊर्जाशास्त्र आहे. टांझानियात लाएटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेले ३६ लाख वर्षांपूर्वीचे पाऊलठसे १९७८ साली सापडले. त्यांत लहान-मोठ्या मापांच्या पावलांच्या ओळी शेजारीशेजारी जातात. लोक त्यांत मानवाच्या ताठ चालीचा उदय पाहतात. मला तिथे एक कोणीतरी मोठ्या पायांचा दिसतो, जो इतरांसाठी रखडत चालला होता आणि ज्याला कोणी धन्यवाद दिले नाहीत.

त्यातून मनगटावरचे घड्याळ. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला काढलेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावातच तो होता आणि तिथून तो जगभर झाला. हे ठाऊक असूनही मी त्याचा गुलाम आहे. आणि मनगटावरचे घड्याळ पावले मोजते ती हात हलण्यावरून. बाबागाडीच्या दांड्यावर हात स्थिर असले की घड्याळाच्या लेखी मी उभा असतो. पन्नास मिनिटांच्या या तपश्चर्येची नोंद 'उठा, जरा हालचाल करा' अशी होते.

परवा मला ते सहन झाले नाही. बाक दहा मीटरांवर राहिला होता, नात सहावे पडणे आटोपून उठली होती आणि नाना एका महत्त्वाच्या मुद्द्यावर थांबले होते. मी बाबागाडी सोडली, हात जोरजोराने हलवत तरातरा चालू लागलो आणि आकडा वाढतो का ते पाहण्यासाठी मनगट डोळ्यांसमोर धरले. चालताना पुढे येणाऱ्या पायाची बोटे वाटेच्या मध्यावर जमिनीपासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर वर असतात. निरोगी, अनुभवी, चालता येणाऱ्या माणसाचीही. फरशीची वर आलेली कडा साधारण तेवढीच होती.

घड्याळाने महिनाभर माझे एकही पाऊल धड मोजले नव्हते, पण हे त्याने तत्काळ टिपले. 'तुम्ही पडलात असे दिसते,' असे त्याने थरथरून कळवले आणि उत्तर मागितले. मी 'पडलो नाही' हा पर्याय दाबला. तोवर नात माझ्या शेजारी येऊन बसली होती आणि पडल्यावर करायचे ते काम तिने सुरूही केले होते. मुंगी सापडल्यावर तिने ती मला दाखवली. नाना आले. "घाई करू नकोस. आधी कुशीवर हो, मग गुडघे टेक, मग कशाला तरी धर," त्यांनी फिजिओथेरपिस्टकडचा पाठ घडाघडा म्हणून दाखवला. मी दोन्ही हात टेकून, ढुंगण आकाशाकडे करून उठलो. उजवा घोटा मुरगळला होता.

नानांनी बाबागाडीचा दांडा पांगुळगाड्यासारखा दोन्ही हातांनी धरला, आणि मला कबूल केले पाहिजे की महिनाभरात ते इतके भरभर कधी चालले नव्हते. काठी त्यांनी माझ्याकडे दिली. मी ती सवयीने उजव्या हातात घेतली.

"डाव्या हातात," ते म्हणाले. "दुखऱ्या पायाच्या विरुद्ध. आकृती काढून दाखवू का?"

मी हात बदलला आणि दोन पावले टाकून पाहिली. खरोखरच बरे वाटत होते. "आणि कुत्रा आला तर?" मी विचारले.

नाना थांबले.