त्या रात्री लेफ्टनंट किरण शेखावत काय करत होत्या

महिला दिन जवळ आला की एक फोटो फिरायला लागतो. गणवेशातली एक तरुण अधिकारी आणि खाली एक ओळ : कर्तव्यावर असताना प्राण गमावलेली नौदलाची पहिली महिला अधिकारी, लेफ्टनंट किरण शेखावत. लोक हात जोडतात, तिरंगा टाकतात आणि पुढे पाठवतात.

फोटोबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्या ओळीबद्दल आहे. माहिती खरी आहे, पण ती वाचून किरण स्त्री होत्या आणि त्या गेल्या, एवढंच कळतं. त्या विमानात त्यांचं काम काय होतं, रात्री दहा वाजता भर समुद्रावर ते विमान कशासाठी गेलं होतं, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. लांबेल, पण वाचा.

24 मार्च 2015. नौदलाचं एक डॉर्निअर विमान गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरून रात्रीच्या सरावासाठी गेलं होतं. दहाच्या सुमारास त्याचा संपर्क तुटला. गोव्याच्या नैऋत्येला साधारण 25 सागरी मैलांवर ते समुद्रात कोसळलं होतं. विमानात तिघं होते : कमांडर निखिल जोशी, लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि लेफ्टनंट किरण शेखावत. जोशींना एका मासेमारी बोटीने वाचवलं. वादळात सापडलेल्या मच्छीमारांना नौदलाने सोडवल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. त्या रात्री मच्छीमार नौदलाच्या मदतीला धावले. बाकीच्या दोघांचा शोध चालू राहिला. 26 मार्चला विमानाचा सांगाडा समुद्रतळाशी सापडला आणि त्यात किरण सापडल्या. नागोरीही वाचले नाहीत.

किरण यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. त्याच वर्षी 26 जानेवारीला राजपथावर तिन्ही दलांच्या फक्त महिलांच्या तुकड्या पहिल्यांदा चालल्या. नौदलाच्या तुकडीत किरण होत्या. म्हणजे सगळ्या देशाने टीव्हीवर ती तुकडी पाहिली आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत हे झालं.

आता कामाबद्दल. बऱ्याच पोस्टमध्ये किरण यांना पायलट म्हटलेलं असतं. त्या ऑब्झर्व्हर होत्या. विमान चालवणं हे पायलटचं काम आणि विमान ज्यासाठी उडालं ते काम ऑब्झर्व्हरचं, असं ढोबळमानाने म्हणता येईल. डॉर्निअरमध्ये पुढे दोन पायलट बसतात. मागे केबिनमध्ये ऑब्झर्व्हरची जागा असते, समोर रडारचा पडदा. पोटाखालचं रडार समुद्र चाळत असतं आणि पडद्यावर ठिपके उमटत असतात. एखादा ठिपका मालवाहू जहाजाचा, एखादा ट्रॉलरचा, एखादा चार माणसांच्या होडीचा. 300 टनांवरची जी जहाजं आंतरराष्ट्रीय मार्गांवर चालतात त्यांना आपली ओळख रेडिओवरून सतत सांगणारं यंत्र बसवावं लागतं. लहान बोटींना ती सक्ती नाही. मग हा ठिपका कुणाचा, तो नेहमीच्या वाटेने चाललाय की वाट सोडून, त्याचा वेग बोटीला शोभतो का, हे त्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाने ठरवायचं असतं. विमान कुठे वळवायचं, किती खाली न्यायचं, किनाऱ्यावर आणि जहाजांना काय कळवायचं, हेही तिथूनच ठरतं.

हे काम किती मोलाचं आहे ते महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत शिरलेले दहा जण समुद्रातूनच आले. त्यांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली होती, म्हणजे रडारवर ती शेकडो बोटींसारखीच एक दिसली असती. त्यानंतर 2009 मध्ये किनारी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली आणि डॉर्निअरसारख्या टेहळणी विमानांचं महत्त्व आणखी वाढलं. शेकडो सारख्या ठिपक्यांतून एक वेगळा ठिपका ओळखायची नजर वर्गात बसून येत नाही. ती रात्री, समुद्रावर, विमानात बसूनच येते. म्हणून 'फक्त सराव होता' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. शत्रूचं विमान नव्हतं, गोळी सुटली नव्हती, पण समुद्र खरा होता, अंधार खरा होता आणि उंचीही खरी होती.

रात्री समुद्रावर उडणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच विचारावं. अमावास्येच्या आसपास ढगाळ हवेत क्षितिज दिसतच नाही. वर काळं, खाली काळं. दूरवरच्या मासेमारी बोटींचे दिवे चांदण्यांसारखे दिसतात आणि चांदण्या दिव्यांसारख्या. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते ती अशा वेळी फसते. विमान हळूहळू एका बाजूला कलत असतं आणि शरीर सांगत असतं की आपण सरळ चाललोय. अशा वेळी स्वतःच्या शरीरावर विश्वास न ठेवता समोरच्या तबकड्यांवर ठेवायचा, हेच शिक्षण असतं आणि ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. त्यातून विमान कमी उंचीवर असेल तर काही बिघडल्यावर विचार करायला हातात फक्त काही सेकंद असतात. लढाऊ विमानात निदान बाहेर फेकणारी खुर्ची असते. डॉर्निअरमध्ये ती नसते. त्या रात्री नेमकं हेच झालं असं मी म्हणत नाही. ती माणसं रोज कशाला सामोरी जातात तेवढंच सांगतोय.

माझा मामेभाऊ नौदलाच्या हवाई विभागात तंत्रज्ञ होता. स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, वेगळी, विमान वेगळं. त्याच्या नोकरीत एकदा विमान परत आलं नाही. त्याबद्दल दादा फार बोलत नाही, पण एक गोष्ट त्याने मला सविस्तर सांगितली होती. प्रत्येक विमानाची एक वही असते, फॉर्म 700. विमानाला हात लावणारा प्रत्येक तंत्रज्ञ आपापल्या कामापुढे सही करतो. मग पायलट येतो, वही वाचतो, विमानाभोवती फिरून सगळं बघतो आणि शेवटची सही करतो. त्या सहीनंतर विमान त्याचं. परत आला की तो त्याच वहीत लिहितो : अमुक ठीक, तमुक बघा. विमान वेळेवर आलं नाही की काही वेळाने कुणीतरी येऊन ती वही ताब्यात घेतं आणि सीलबंद करतं. ज्या टँकरमधून इंधन भरलं त्यातला नमुना बाटलीत भरून बाजूला ठेवतात. अवजारांच्या पेट्या उघडून एकेक पाना मोजतात. हे सगळं चौकशीसाठी. दादा म्हणाला, "त्या रात्री आम्ही कुणीच झोपलो नाही. जो तो आपण कशाकशावर सही केली ते आठवत होता."

आता किरण यांच्या स्क्वॉड्रनबद्दल, कारण मला जे म्हणायचंय ते तिच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं. किरण नौदलाच्या आयएनएएस 310 या हवाई स्क्वॉड्रनमध्ये होत्या. 'कोब्रा' म्हणतात तिला. ही स्क्वॉड्रन 21 मार्च 1961 ला फ्रान्समधल्या येर इथे अलिझे विमानांवर सुरू झाली. पुढे ती विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडाली, गोवामुक्तीत होती, 1971 च्या युद्धातही होती. 10 डिसेंबर 1971 ला तिचं एक अलिझे पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने पाडलं. त्यातही तिघंच होते, लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोन सहकारी. तिघंही परतले नाहीत. रॉय यांना वीरचक्र मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं.

आता ही दोन विमानं शेजारी ठेवून बघा. एकच स्क्वॉड्रन, एकच अरबी समुद्र, तीन माणसांचं टेहळणी विमान आणि तेच काम, समुद्रावर नजर ठेवायचं. पहिल्या वेळी समोर शत्रू होता, दुसऱ्या वेळी नव्हता. युद्धाच्या दिवशी जे करायचं ते आधीची अनेक वर्षं शांततेतच शिकावं लागतं. हे शिकणं थांबलं तर युद्धाच्या दिवशी कुणाला पाठवणार?

सरकारी नियम या दोन मृत्यूंत फरक करतात. सेवेशी थेट संबंध असलेला मृत्यू असेल तर कुटुंबाला विशेष निवृत्तिवेतन मिळतं, शेवटच्या वेतनाच्या 60 टक्के. युद्धात किंवा कारवाईत मृत्यू आला तर ते पूर्ण वेतनाइतकं असतं. एकरकमी मदतीचंही तसंच : 2016 पासूनच्या दरांनुसार कर्तव्यावरच्या अपघाती मृत्यूला 25 लाख, युद्धातल्या मृत्यूला 45 लाख. शत्रूच्या गोळीला सामोरं जाण्याचा वेगळा मान असावा, हे मला पटतं. पण घर चालवायला लागणारा पैसा मृत्यूच्या कारणाप्रमाणे का बदलावा? ज्या कामात जीव जाऊ शकतो हे आधीपासून माहीत आहे आणि तरीही आपण ज्यावर माणसं पाठवतो, त्या हवाई कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळायला हवं. सगळा संरक्षण खर्च बघितला तर ही रक्कम किरकोळ आहे.

दुसरं म्हणणं चौकशीबद्दल. प्रवासी विमान पडलं तर त्याच्या तपासाचा अहवाल प्रसिद्ध होतो. कुणीही तो वाचू शकतं. लष्करी विमानाच्या अपघाताची चौकशी होते, काटेकोर होते, पण अहवाल आतच राहतो. रडारची क्षमता, डावपेच, हे गुप्त ठेवलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण निदान यांत्रिक बिघाड होता, हवामान होतं की प्रशिक्षणात काही राहून गेलं, आणि त्यानंतर काय बदललं, एवढं दोन पानांत सांगायला काय हरकत आहे? सांगितलं नाही की 'मानवी चूक' हा शिक्का पडतो. संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात 2017 ते 2022 या काळातले हवाई दलाचे 34 अपघात आहेत आणि त्यातल्या 19 अपघातांपुढे हेच कारण आहे. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, म्हणून हा शिक्का मारताना फार जपायला हवं. माणूस चुकला असेल तर का चुकला, थकला होता का, तेवढे तास उडायला मिळाले होते का, उपकरण जुनं होतं का, हे पुढचे प्रश्न आहेत आणि पुढच्या मुलांचे जीव त्यांच्यावर अवलंबून आहेत.

असे अपघात आधीही झाले, नंतरही झाले. 1 ऑक्टोबर 2002 ला गोव्यात दाबोळीजवळ नौदलाची दोन आयएल-38 विमानं हवेत एकमेकांवर आदळली. दोन्हींतले मिळून बारा जण गेले. 3 मार्च 2010 ला हैदराबादच्या हवाई प्रदर्शनात नौदलाच्या 'सागर पवन' या हवाई कसरतींच्या पथकाचं विमान कोसळलं. कमांडर सुरेश मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर गेले. 26 नोव्हेंबर 2020 ला नौदलाचं मिग-29के हे लढाऊ विमान समुद्रात पडलं. बरोबरचा शिकाऊ वैमानिक वाचला, पण प्रशिक्षक कमांडर निशांत सिंग यांचा मृतदेह सापडायला 7 डिसेंबर उजाडला. शिकवताना गेलेला शिक्षक आहे हा. यातली किती नावं आपल्याला माहीत होती, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

किरण यांच्या पोस्टखाली आणखी एक प्रकारची कॉमेंट हमखास येते : मुलींना कशाला असल्या कामावर पाठवायचं? त्याच विमानात अभिनव नागोरी गेले. मुलांना कशाला पाठवायचं, असं त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. नौदलात महिला ऑब्झर्व्हर 2009 पासून आहेत. किरण गेल्यावर मुली थांबल्या नाहीत. 2019 मध्ये नौदलाला पहिली महिला पायलट मिळाली, तीही डॉर्निअरवरच. 3 ऑगस्ट 2022 ला पोरबंदरहून एक डॉर्निअर अरबी समुद्रावर टेहळणीला गेलं. त्यातल्या पाचही जणी महिला होत्या : आंचल शर्मा, शिवांगी, अपूर्वा गीते, पूजा पांडा, पूजा शेखावत. मे 2025 मध्ये आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

ओळखीतली एक मुलगी सध्या बारावीला आहे. तिला नौदलात जायचंय आणि घरचे घाबरलेत. मी तिच्याशी बोलावं, असं त्यांनी मला सांगितलं. म्हणजे तिचं मन वळवावं, असा अर्थ असावा. मी तिला वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. ठिपके, अंधार, फॉर्म 700, बाहेर फेकणारी खुर्ची नसते, तेही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऑब्झर्व्हर व्हायला काय लागतं?" इंजिनीअरिंगची पदवी लागते, 60 टक्के लागतात, दहावी-बारावीचे गुणही बघतात, मग एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. पुढच्या आठवड्यात ती दादाला भेटायला येणार आहे, वहीत प्रश्न लिहून.