इनोव्हेशन हवंय? आधी रांगोळी काढून घ्या

तुमच्या कंपनीतही वरून ‘इनोव्हेशन वीक साजरा करा’ असा हुकूम आला असेल तर घाबरू नका. आमचा गेल्याच आठवड्यात पार पडला. आम्ही मिक्सर बनवतो, त्यामुळे अनुभव ताजा आणि बारीक वाटलेला आहे. त्यातून हाती आलेल्या काही युक्त्या समस्त साहेबवर्गासाठी विनामूल्य देत आहे.

आधी समिती नेमा. सगळे पुरुषच घ्या, एकमत पटकन होतं. कोणी बोट दाखवलंच तर एचआरच्या मॅडमना घ्या. हार-गुच्छांचं त्यांनाच बघायचं असतं. डिझाइनमधल्या बायकांना रांगोळी, सूत्रसंचालन आणि पाहुण्यांचं औक्षण वाटून द्या. रांगोळीत विजेचा बल्ब हवाच. त्याशिवाय कोणाच्या डोक्यात काही पेटत नाही.

जागेची अडचण असेल तर पाळणाघर घ्या. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघर हवं असं २०१७ पासून कायदा सांगतो, म्हणून खोली कागदावर आहेच. भिंत पिवळी करा, चार बीनबॅग टाका, दारावर ‘आयडिया हब’ लिहा. पोरांना आजी असतेच की!

ब्रेनस्टॉर्मिंगला रंग चढायची वेळ आणि कंपनीची बस सुटायची वेळ एकच ठेवा. चाकणहून बस चुकली की पुढे काय, ते चाकणला जाणाऱ्यांना सांगायला नको. उरलेलं ‘बसल्यावर’ ठरवा. दुसऱ्या दिवशी बायकांना सांगायचं, “अहो, ते काल ठरलंच की.”

‘आपल्याकडे असं चालत नाही’ ही पाटी फ्रेम करून लावा.

आता मुख्य युक्ती. बाईनं कल्पना मांडली की घड्याळ बघा. मी म्हटलं, आपल्या भांड्याच्या झाकणाचं रबर निघत नाही. खाचेत ओलं खोबरं अडकतं, सुरीच्या टोकानं कोरून काढावं लागतं, दोन दिवसांनी वास मारतो. शिवाय मिक्सर चालू असेपर्यंत एक हात झाकणावर दाबून उभं राहायचं, गॅसवर दूध उतू गेलं तरी. रबर सुटं करू, झाकण आपोआप अडकेल असं करू. यावर उत्तर काय, तर “मॅडम, हे किचनचं झालं. आपण इनोव्हेशनवर बोलतोय.” मिक्सर बनवतो हो आपण! तो किचनमध्ये नाही तर कुठे ठेवतात, देव्हाऱ्यात? मग अर्धी सभा ब्लूटूथवर गेली. चटणी झाली की मोबाईलवर मेसेज येणार म्हणे. चटणी वाटताना माणूस मिक्सरपाशीच उभा असतो आणि झाली की आवाजावरून कळतं, हे त्या टेबलाभोवती एकालाही ठाऊक नव्हतं. “तुमच्यापैकी डोशाचं पीठ कोणी वाटलंय?” मी विचारलं. “आमच्याकडे मिसेस बघतात.” मग मिसेसना घ्या ना पगारावर! चहा येऊन गेला आणि माझ्याच शेजारच्या साहेबांनी स्लाइड लावली: ‘हायजिनिक लिड-लॉक सिस्टिम’. तेच रबर, तेच झाकण, फक्त इंग्रजीत आणि बाण काढून. मोठ्या साहेबांनी टेबलावर थाप मारली, “ब्रिलियंट!” आणि सभेचं टिपण कोण लिहीत होतं? मीच. टिपण बायकाच लिहितात, अक्षर चांगलं असतं ना आमचं. ‘सरांनी अभिनव संकल्पना मांडली’ हे वाक्य मी स्वतःच्या हातानं लिहिलं.

लाइनवरच्या बायकांसाठी कायझेनचा, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणांचा, बोर्ड आहे. एका ताईंनी स्क्रूचा ट्रे तिरका लावून घेतला, हात लांब न्यावा लागू नये म्हणून. बोर्डावर फोटो सुपरवायझरचा. ताई कंत्राटी आहेत, त्यांना नियमात बक्षीस बसत नाही. आणि त्या सुपरवायझरला तरी काय बोलणार, त्याच्या कल्पना त्याचा साहेब नेतो. आपल्याकडे कल्पना नेहमी पगाराच्या दिशेनं वर चढते.

समारोपाच्या भाषणात थोर महिला हव्यात. सुधा मूर्तींचं पोस्टकार्ड सांगा: १९७४, टेल्कोची (आजची टाटा मोटर्स) ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ अशी जाहिरात, जेआरडींना लिहिलेलं खरमरीत पत्र. डोळे पुसा आणि मग पुढच्या महिन्याच्या बढतीच्या यादीतून बाळंतपणाच्या रजेवरची नावं गाळा. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी चालतील. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९३३ साली संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नकार दिला, मग वर्षभर काम बघून ठरवू म्हणाले. १९३९ साली बाईंनी केंब्रिजची पीएचडी घेतली. टाळ्या पडतात. “आपल्याकडे अजून तेच वर्षभर चालू आहे,” असं मात्र कोणी पुटपुटलं तर माईक काढून घ्या. लिज्जतचं नाव नको. १९५९ साली गिरगावातल्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पीठ एका जागी मळायचं, पापड घरोघर लाटायचे, आणि लाटणारी प्रत्येक बाई मालकीण. हेच एखाद्या मॅनेजमेंटवाल्यानं काढलं असतं तर आपण त्यावर दोन दिवसांचं शिबिर ठेवलं असतं. बायकांनी काढलं, म्हणून तो गृहउद्योग.

आणि शेवटी कोणीतरी म्हणालंच पाहिजे, “बायकांच्यात ते जात्याच नसतं हो, आकडे बघा.” आमच्याकडे म्हणाले. बघते ना आकडे. आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांत नाव असलेल्या संशोधकांमध्ये बायका पाचात एकसुद्धा नाहीत. कशा असतील? नाव सभेच्या टिपणातच कापता तुम्ही, ते पेटंटपर्यंत पोचणार कसं? बस सुटताना सभा लावता, पाळणाघरात बीनबॅग टाकता, ज्या हातांना तुमच्या मालाचे दोष माहीत आहेत त्या हातांत रांगोळीचं पीठ देता, आणि वर आकडे दाखवता! काही वाटत नाही का हो? लाखो घरांत रोज सकाळी बायका तुमच्या त्या भिकार झाकणावर हात दाबून उभ्या असतात. त्यांचं ऐकायची तुमची तयारी नाही, आणि मिक्सर का खपत नाही म्हणून सल्लागाराला पैसे मोजता.

झाकणाच्या पेटंटचा अर्ज तयार होतोय असं ऐकलं. पेटंट कायद्याच्या २८व्या कलमाखाली संशोधकाचं नाव पेटंटवर नोंदवायची मागणी करता येते. मी ती करणार आहे. सभेचं टिपणही दुरुस्त करून सगळ्यांना पाठवलंय; कोणाची हरकत असेल तर लेखी द्या, पाच वाजायच्या आत.